प्रतापरावांचा लोहचुंबक

देशाचा बाजार जगाला खुला झाला त्याच सुमाराला प्रतापरावांची मिल बंद पडली. पहिली बातमी पेपरात पहिल्या पानावर आली, दुसरी आत, राशिभविष्याच्या शेजारी.

कापसातले खिळे आणि तारा पकडायला मिलमध्ये लोहचुंबक बसवलेले असत. त्यातला साबणाच्या वडीएवढा एक प्रतापराव सव्वीस वर्षांच्या नोकरीची आठवण म्हणून घरी घेऊन आले. रीतसर परवानगी मागून. नाही म्हणायला तिथे कुणी उरलंच नव्हतं.

इंदूरच्या स्नेहलतागंजात त्या चुंबकाला लगेच काम मिळालं. स्टीलचं नवं भांडं घेतलं की बायका ते आधी प्रतापरावांकडे आणत. चुंबक चिकटला तर, "लोखंड आहे, परत करा." नाही चिकटला तर, "अस्सल." निकालावर अपील नव्हतं. मिलमध्ये सव्वीस वर्षांत त्यांना कुणी इतकं विचारलं नव्हतं.

अडचण मंजिरीची झाली. त्यांच्या या एकुलत्या एक मुलीला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या वर्गातला भूषण पसंत होता. मुलगा चांगला, नोकरी चांगली. पण वडिलांचं, रामभाऊंचं, जुन्या इंदुरात भांड्यांचं दुकान.

"जाऊ की पोहे खायला," प्रतापराव म्हणाले. "प्लेट बघून हो-नाही सांगतो."

"बाबा, तो दगड घेऊन तुम्ही येणार नाही."

"दगड नाही. लोहचुंबक."

रविवारी सकाळी रामभाऊंच्या घरी पोहे आले, वर शेव, बाजूला जिलबी. प्रतापरावांनी खिशातून चुंबक काढला आणि प्लेटच्या खाली धरला. खट्!

प्रतापराव उभे राहिले. "चला. पाहुण्याला लोखंडात पोहे देणाऱ्या घरात मी मुलगी देत नाही."

मंजिरीचा चेहरा उतरला. भूषणच्या हातातली जिलबी वाटेतच थांबली.

"अरे बैठो तो सही, भिया," रामभाऊ शांतपणे म्हणाले. "स्टीलच आहे ते. चारशेतीस नंबर. त्यात निकेल नसतं म्हणून चुंबक धरतो. पोह्यांना काही होत नाही. निकेलवालं ते तीनशेचार, त्याला चिकटत नाही."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"पण निकेल महाग. म्हणून आता त्यातलं बरंचसं काढून मँगनीज घालतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे तुमच्याकडे तेही पास. आणि त्यात आंबट-खारट ठेवलं, की..."

"तळाला तांबूस ठिपके पडतात का हो?" मंजिरीच्या आई कमलताईंनी विचारलं. "सुई टोचल्यासारखे?"

"वहिनी, तुम्हाला कसं माहीत?"

"यांचा लग्नातला सूट बोहारणीला देऊन डबा घेतला मी. यांनी तीनदा चुंबक लावला. म्हणाले, अस्सल. त्यात लिंबाचं लोणचं घातलं. ठिपके दाखवले तर म्हणाले, मसाला आहे."

"मसालाच आहे," प्रतापराव म्हणाले. पण खाली बसले.

थोड्या वेळाने त्यांनी तोंडी परीक्षेच्या सुरात विचारलं, "मग लोणच्याला कोणतं स्टील घ्यावं म्हणता?"

दुकानदाराला याहून सोपं गिऱ्हाईक मिळत नाही. रामभाऊ म्हणाले, "कोणतंच नाही. वर्षभराच्या लोणच्याला तीनशेचारही नको. चिनी मातीची बरणी घ्या. माझ्याकडे मिळत नाही."

आपल्या मालाची गरज नाही असं स्वतः सांगणारा माणूस प्रतापरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मिलच्या मालकांनीसुद्धा ते शेवटच्या दिवशीच सांगितलं. प्रतापरावांनी प्लेटला चिकटलेला चुंबक ओढून काढला, खिशात टाकला आणि पोह्यांचा मोठा घास घेतला.

"शेव आहे का अजून?"

भूषणने अख्खा डबाच पुढे केला. मंजिरी इतकी मोठ्याने हसली की कमलताईंना तिला चिमटा काढावा लागला.

लग्नाआधीचे पंधरा दिवस प्रतापराव रामभाऊंच्या दुकानात, नावं कोरायच्या मशीनपाशी बसले. आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायला सगळे नातेवाईक तिथेच येत. मंजिरीने कॉलेजातून स्टील तपासायच्या औषधाची एक बाटली आणून दिली होती. भांड्यावर टाकलेला थेंब लाल झाला की मँगनीज. त्यामुळे प्रत्येक भांड्यावर "सप्रेम भेट"च्या खाली प्रतापरावांची आणखी एक ओळ उमटली. 'आंबट चालेल.' 'जेवायला उत्तम.' 'फक्त कोरडं.' शशिकलाआत्यांच्या पातेल्यावर 'फक्त डाळ-तांदूळ, तेही न शिजवलेले.'

लग्नात वऱ्हाडी अक्षता टाकून सरळ आहेराच्या टेबलाकडे गेले आणि एकमेकांची भांडी वाचत बसले. इतकं मनापासून वाचन इंदुरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. शशिकलाआत्या जेवणाआधीच पातेलं उचलून गेल्या आणि पंगत उठायच्या आत दुसरं घेऊन आल्या. त्यावर प्रतापरावांनी मांडवातच थेंब टाकला. "आंबट चालेल!" ते ओरडले, आणि बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

लोणचं आता बरणीत असतं. ठिपके पडलेल्या त्या डब्यात प्रतापराव लोहचुंबक ठेवतात. चिकटत नाही, त्यामुळे काढायला सोपं जातं.