बुंदीचा लोकरीचा खोपा

मी एक खोपा बोलतोय. पाखराचा नाही, लोकरीचा. रंग नारिंगी, आकार जमिनीवर ठेवलेल्या टोपीसारखा, पुढे तीन बोटं रुंद दार. सध्या भद्रावतीतल्या एका घरात कपाटावर पडून आहे. माझ्या पोटात अजून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आहेत. ती कुणी झटकली नाहीत.

मला शमसुन्निसाबाईंनी विणलं. वय सत्तरीचं, पण क्रोशाची सुई हातात आली की बोटं पोरीसारखी चालायची. जन्मभर त्यांनी टोप्याच विणल्या. नवऱ्याच्या, मुलाच्या, मोहल्ल्यातल्या निम्म्या माणसांच्या. टोपी जाळीचीच हवी, हा त्यांचा नेम. "डोस्क्याले हवा लागली पायजे," म्हणायच्या.

डिसेंबरात त्यांच्या मुलाने, फारूकने, आपल्या नऊ वर्षांच्या सायमासाठी चंद्रपूरहून हॅमस्टर आणली. उंदराच्या जातीचा, मुठीएवढा जीव. सायमाने तिचं नाव बुंदी ठेवलं. थंडीत बुंदी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची.

"दादी, तिले घर विणून दे ना. माह्या स्वेटरसारखं गरम."

शमसुन्निसाबाईंना टोपीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मग त्यांनी टोपीच विणली, जरा उंच, पुढे दार सोडलेली. तो मी. अर्थातच अंगभर जाळी. बुंदी आत शिरली, तीनदा गोल फिरली आणि झोपली. माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं. आम्हा वस्तूंना असं फार लवकर वाटतं.

आठवडाभरातच बुंदीचं नख माझ्या जाळीत अडकलं. ओढाओढीत पायातून रक्त आलं. सायमा त्या दिवशी जेवली नाही, दादीशी बोललीही नाही.

शमसुन्निसाबाईंनी मला बाहेर काढलं आणि दोन दिवस बसून माझं एकेक भोक दुहेरी लोकरीने बुजवलं. बोटांची सवय जाता जात नव्हती. मध्येच एखादं भोक सुटायचंच. मग स्वतःवरच करवादायच्या आणि पुन्हा बुजवायच्या. शेवटी मला खिडकीशी उजेडात धरलं. पलीकडचं काही दिसलं नाही.

"आता पाह्य सायमा. एकबी भोक नाई ठिवलं."

सायमा त्यांच्या गळ्यात पडली. बुंदीला तर मी इतका आवडलो, की कुकरची शिट्टी वाजली तरी ती धावत माझ्यात यायची. भीती वाटली की थेट माझ्यात.

यंदा मार्चमध्येच ऊन तापलं. फारूक कूलर दुरुस्त करतो. त्या दिवसांत त्याला जेवायलाही फुरसत नसते, आणि घरचा कूलर माळ्यावरच राहिला होता. अशात एक दिवस सगळे कोरपन्याला लग्नाला गेले. निघताना सायमाने बुंदीची पाण्याची बाटली भरली, मांजर येऊ नये म्हणून खिडकी लावली. मला बाहेर काढावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. बुंदीला माझ्याशिवाय करमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी पत्रे तापले. बुंदी घाबरली, आणि घाबरल्यावर जिथे यायची तिथेच आली. बाहेर जा गं बाई, बाटलीपाशी जा, असं मी जीव तोडून सांगत होतो. लोकरीचा आवाज कुणाला ऐकू येणार? तिची धाप माझ्या भिंतींना लागत होती. मला फक्त ऊब देता येते. ती मी देत राहिलो. चारच्या सुमाराला धाप थांबली.

शेजारच्या केसरबाईंच्या पेरूखाली बुंदीला पुरलं. "माहीच चुकी झाली," फारूक म्हणाला. "कूलर उतरवून ठिवायले पायजे होता." शमसुन्निसाबाईंना कुणी एका शब्दाने बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सायमाने मला उचललं. आत बोट घालून माझी भिंत सगळीकडून चाचपली.

"दादी, एक तरी भोक ठिवायचं होतं ना."

रागाने नाही म्हणाली ती. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. शमसुन्निसाबाईंनी सुई डब्यात टाकली, ती आजतागायत बाहेर आलेली नाही. बकरीदला घरातल्या पुरुषांनी विकतच्या टोप्या घातल्या.

सायमा, मी जीव घेतला, तो ऊब देता देता घेतला. तुझ्या दादीचंही तसंच झालं. मला आता खाली उतरव. दारापाशी एक गाठ आहे, ती सोड आणि धागा ओढ. मी भराभर उसवेन. माझा गुंडा कर आणि दादीच्या मांडीवर ठेव, सुई शेजारी ठेव. विण म्हणू नकोस, नुसती जवळ बस. कधीतरी त्यांची बोटं चालू लागतील, आणि सवयीने भोकं सोडत जातील.

तेवढी त्यांना बुजवू देऊ नकोस.