थांबाबाई

"कुणी लावलं हे परत?" मशीनच्या दाराच्या चौकटीवरून लोहचुंबक उपटत बाईंनी विचारलं.

ऑपरेटर छताकडे बघू लागला. छत नेहमीसारखंच होतं.

बेअरिंगवर नंबर कोरणाऱ्या लेझर मशीनला नवा स्कॅनर बसवायला बाई आल्या होत्या. स्कॅनर म्हणजे नखाएवढे दोन आरसे. ते झरझर हलतात आणि किरण हवा तिकडे वळवतात. हा किरण दिसत नाही, हीच त्यातली गोम. म्हणून दार उघडलं की मशीन आपोआप बंद पडावं अशी सोय असते. दार सारखं उघडायचा-लावायचा कंटाळा येतो, म्हणून चुंबक चिकटवून त्या सोयीलाच फसवायचं, ही माणसांनी काढलेली सोय.

थांबा, आधी वीज बंद करा. थांबा, मनगटावरचं घड्याळ काढा, चकाकतं. थांबा, चष्मा घाला. कारखान्याकारखान्यांतून हेच सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. पालथ्या घड्यावर पाणी! पाठीमागे सगळे त्यांना थांबाबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मालक आत आले. "झालं का हो? बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय."

"आरसे बसले. आता किरण जुळवायचा. दार लावून."

"म्हणजे आणखी तासभर? अहो, उघड्या दारानं एकदा फिरवून बघा की! लगेच कळेल."

"नाही."

"तुमच्या साहेबांना फोन लावू?"

"लावा."

मालकांनी लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेब मधाळ आवाजात म्हणाले, "बाई, जुनं गिऱ्हाईक आहे. जरा सांभाळून घ्या ना."

बाईंच्या घरात दुसरी कमाई नव्हती. तरी त्यांनी मशीनची चावी काढून पर्समध्ये टाकली. "सांभाळूनच घेतेय, साहेब. जमत नसेल तर दुसऱ्याला पाठवा, चावी त्याला देते."

"बरं, बरं, तुम्हीच करा," साहेब म्हणाले. दुसरा कुणी असता तर या कटकट्या बाईला पाठवलं असतं कशाला?

फोन ठेवून मालक करवादले, "तुमच्या आधी एक गृहस्थ यायचे. काय हसतमुख माणूस! दार सताड उघडं ठेवून चुटकीसरशी जुळवून द्यायचे. ते का नाही येत?"

बाईंच्या हातातला पाना थबकला.

"नाही येत आता," त्या म्हणाल्या. "दार लावा."

बंद दाराआड काम पुरं झालं. नंबर स्वच्छ उमटला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून मालक म्हणाले, "ठीक आहे."

घरी येताच बाईंनी तिथून उपटून पर्समध्ये टाकलेलं चुंबक फ्रीजच्या दारावर आपटलं. टक्.

"आणखी एक?" आतून यजमानांनी विचारलं. फ्रीजचं दार असल्याच चुंबकांनी भरलं होतं.

"आणखी एक! वैतागले मी. दगडाला पाझर फुटेल, पण या लोकांना..."

यजमान बाहेर आले. त्यांचा एक डोळा लहानपणापासून अधू. चांगला होता त्याला असल्याच एका उघड्या दाराशी किरण लागला, नेमका मधोमध. तेव्हापासून ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जायचं. कडेचं तेवढं दिसायचं. भांडण झालं की ते मुद्दाम बायकोकडे सरळ बघत. "नकोच दिसूस!" म्हणत, आणि मग दोघांनाही हसू फुटे.

"तिथले मालक तुमची आठवण काढत होते," बाई म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"हसतमुख होते म्हणाले."

"एवढंच? खरं सांग."

त्यांनी नजर बायकोच्या कानाशी नेली आणि तिचा चेहरा शोधू लागले. बाईंना अजून पुष्कळ बडबडायचं होतं. पण त्या थांबल्या, आणि यजमानांना चेहरा सापडेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.