आत्याचा अडकित्ता

सरस्वतीपूजेच्या दिवशी सगळ्या मद्रासेत एक मोकळी पक्कड मिळत नाही, हे राघोत्तमाला दुपारी तीन वाजता कळलं.

त्याची गिटार जुनी, एका रेल्वे गार्डाकडून घेतलेली. मैलापूरच्या खाऱ्या हवेनं तारा गंजत. त्या फडक्यानं पुसून, शिलाईयंत्राचं तेल लावून तो कशाबशा जगवी. एका खुंटीचं बोंड मात्र कधीच गळून पडलं होतं. उरलेली लोखंडी दांडी पक्कडीनंच पिळावी लागे. पक्कड, तेल, फडकं, जादा तारा, सगळा संसार बिस्किटांच्या डब्यात.

आणि डबा देवीपुढे बसला होता. चूक त्याचीच. आदल्या दिवशी तो गिटारच पूजेला ठेवायला गेला. राजसआत्यानं तंजावरात लहानपणी वीणा शिकली होती. आता सत्तरीतही तिचा कान शाबूत होता आणि जीभही.

"अय्यो, हे वाद्य की भोक पडलेला भोपळा? वीणेशेजारी ठेवलास तर देवी उठून जाईल."

मग तिनं डब्यात डोकावलं. "पक्कड? हे आयुध. हे ठेव."

तेवढ्यावरच राघोत्तम खूश झाला. डब्याला गंध लागलं, पक्कडीला कुंकू. आता दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत पूजेतल्या कुठल्याच आयुधाला हात लावायचा नाही.

इकडे संध्याकाळी सहाला ऑफिसच्या समारंभात त्याला वाजवायचं होतं. अकरा वर्षं तो यादीत नाव घालत होता आणि ऐन वेळी पोट दुखून घरी बसत होता. हेडक्लार्क चंद्रमौळींनी यंदा बजावलं होतं, "पुन्हा पोट दुखलं, तर नाव कायमचं काटलं."

तो कोपऱ्यावर तुकोजीच्या सायकल दुकानात धावला. तिथंही पक्कड झेंडूच्या माळेत आडवी.

"नवरीला हळद लागलीये, स्वामी," तुकोजी म्हणाला. "आता उद्याच अंगाला हात लावायचा."

तो घरी आला तेव्हा आत्या सुपारी कातरत होती. राघोत्तम तिच्या हाताकडे बघतच राहिला.

"आत्या, अडकित्ता आयुध नव्हे?"

आत्याचा हात थांबला. "म्हणून काय दातांनी फोडू? दात कुठं आहेत? देवीला माझी अडचण ठाऊक आहे."

"मग माझीही सांग की तिला. खुंटी पिळायला दे तो."

"माझ्या हातातून सुटायचा नाही. तासाभरात सुपारी नाही मिळाली, तर डोकं उठतं माझं."

"मग हातासकट चल!" राघोत्तम ओरडला. आत्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला होता. दोघंही दचकली.

सहा वाजता मंचावर दोन स्टुलं होती. एकावर राघोत्तम, दुसऱ्यावर नऊवारी सावरत आत्या. निम्मं गाणं झालं आणि त्याच खुंटीची तार उतरली. राघोत्तमाचं पोट ठरल्याप्रमाणे दुखू लागलं.

"श्रुती गेली, राघ्या," आत्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. अडकित्त्यात दांडी धरून तिनं पिळली. "वाजव. छे, चढली. थांब. हां, आता."

सभागृह खो खो हसलं. चंद्रमौळी तर रुमालानं डोळे पुसत होते. राघोत्तमाच्या लक्षात आलं, पोट दुखायचं थांबलंय.

त्यानं आणखी दोन गाणी वाजवली. आत्या शेजारी सुपारी कातरत ताल धरून होती. ताल चुकत होता, पण तेवढं सांगायची राघोत्तमाची हिंमत झाली नाही.