रस्त्यापलीकडचा भुऱ्या

कुत्र्यांना वळण लावणारे मास्तर एरवी कुणाच्या बापाला घाबरत नसत, पण परवाना देणाऱ्या कंपनीच्या नकाशाला मात्र टरकून असत. मोठ्या रस्त्याच्या अलीकडची घरं त्यांची, पलीकडची दुसऱ्या शिक्षकाची. हद्द ओलांडून शिकवलं की परवाना गेलाच म्हणून समजा. आणि नशिबाची थट्टा बघा, मास्तरांची सख्खी ताई राहायची नेमकी पलीकडे.

भावजी गेल्यापासून ताईला सोबत होती ती भुऱ्याची. हे ध्यान दारात येईल त्याच्या अंगावर जायचं. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पोटरीचा त्याने लचका तोडला, तेव्हा इमारतीतल्या लोकांनी बजावलं, "आणखी एकदा चावला तर कुत्री पकडणारी गाडी बोलावू."

"तूच शिकव रे त्याला," ताई म्हणाली. "त्या पलीकडच्या शिक्षकाला बघूनच तो दात विचकतो."

"तुझ्या घरी येऊन शिकवलं तर माझा धंदा बसेल, ताई. तू त्याला अलीकडे आण. बागेत शिकवतो. बहीण भावाकडे आली तर कोण काय बोलणार?"

कुत्रं जिथं चुकतं तिथंच त्याला शिकवायचं, जागा बदलली की ते धडा विसरतं, हे मास्तर गिऱ्हाइकांना उठताबसता सांगत. तेव्हाही त्यांना ते आठवलं होतं. आठवलं, आणि त्यांनी गिळून टाकलं. भित्रा माणूस, दुसरं काय!

ताई रोज भुऱ्याला घेऊन यायची. रस्ता ओलांडला की फुटपाथवर तो आपणहून बसायचा, मास्तरांच्या तोंडाकडे बघायचा आणि बिस्कीट मिळवायचा. बागेत अनोळखी माणसं अगदी जवळून गेली तरी हूं नाही की चूं नाही. ताईला आभाळ ठेंगणं झालं.

मग एक दिवस पार्सलवाला ताईच्या दारात आला. ताई "बस! बस!" म्हणून ओरडत राहिली. पण त्या दारात भुऱ्या बसायला कधी शिकलाच नव्हता. पार्सलवाल्याच्या हाताला टाके पडले.

पलीकडे जागा नव्हती म्हणून गाडी अलीकडे उभी राहिली. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे दोघा भावंडांना ठाऊक होतं. भुऱ्या दुसऱ्या कुणाला हात लावू देईना, तेव्हा ताईनेच पट्टा धरून त्याला आणलं. गाडीपाशी उभ्या असलेल्या मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

फुटपाथला पाय लागताच भुऱ्या बसला आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघू लागला.

"हा तर चांगला शहाणा दिसतोय," गाडीवाला म्हणाला.

"त्याचं बिस्कीट दे," ताई भावाला म्हणाली. "तो चुकलेला नाही."

मास्तरांनी खिशात हात घातला आणि बिस्कीट दिलं.