डाव्या चाकाची तार

गुरुबसप्पांच्या गॅरेजात वायरिंगचं काम आलं की लोक एकच नाव घ्यायचे, प्रियंका. होटगी रोडवर दुसरीकडं कुठं एखादी बाई मल्टिमीटर घेऊन बॉनेटमध्ये वाकलेली दिसत नव्हती, आणि प्रियंकाला ते चांगलं ठाऊक होतं. नवी गिऱ्हाइकं आधी बिचकायची. गाडीचं काम झालं की म्हणायची, "आता तुम्हीच बघत जा मॅडम." ते ऐकलं की तिची दिवसभराची कंबरदुखी पळायची.

मग करकंबची ऋतुजा आली. आयटीआय करून पुण्यातल्या एका वर्कशॉपात राहिलेली, बोलायला मोकळी. स्कॅनरच्या पडद्यावरचे आकडे ती पेपर वाचावा तसे वाचायची. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं गेटातूनच विचारू लागली, "त्या नव्या मॅडम आहेत का?" गुरुबसप्पा तिला लेकीसारखं, कानडीत 'यव्वा' म्हणायचे. इतक्या वर्षांत प्रियंका त्यांच्यासाठी नुसती प्रियंकाच होती.

हे तिला रात्रंदिवस खात होतं. ऋतुजाच्या हातून एखादा फ्यूज उडाला की हिला आतून गार वाटायचं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. घरी नवऱ्याजवळ तिनं ऋतुजाचं नावसुद्धा कधी काढलं नाही. काढलं असतं तर आवाजातून सगळं बाहेर पडलं असतं.

एका सकाळी पहिली फेरी आटपून प्रभुलिंग आपली व्हॅन घेऊन आला. अक्कलकोटकडच्या शाळांतल्या शिक्षकांना तो रोज सोलापुरातून न्यायचा-आणायचा. गेटातच त्यानं प्रियंकाला ओलांडून हाक मारली, "ऋतुजा मॅडम, एबीएसचा दिवा लागतोय बघा. वळणावर ब्रेक दाबला की पायाखाली गुरगुर होतं आणि गाडी जराशी पुढंच जाते."

प्रियंका शेजारच्या जीपचा हेडलाइट उघडून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

ऋतुजानं स्कॅनर जोडला. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, चाक किती वेगानं फिरतंय ते तो सांगतो. पुढच्या डाव्या चाकाकडून मधूनमधून काहीच खबर येत नव्हती. "डावा सेन्सर गेलाय," ती म्हणाली. तिनं नवा बसवला, दिवा विझला. समोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून आली तरी विझलेलाच.

"यव्वा, तुझा हात लागला की झालंच!" गुरुबसप्पा खुर्चीतून म्हणाले.

प्रभुलिंगनं बाहेर पडताना गेटाशी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. प्रियंका जमिनीलगत बसलेली, त्यामुळं चाकाच्या वरची पोकळी तिला आतपर्यंत दिसली. सेन्सरच्या मागची, बॉडीकडं जाणारी जुनी तार ताठ ओढली गेली होती. तिला धरून ठेवणारी क्लिपच जागेवर नव्हती. दर वळणाला ती अशीच ओढली जात असणार. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. असली तार तिनं पूर्वी पाहिली होती. सेन्सर चांगलाच असणार.

एक हाक पुरली असती. प्रियंकानं हेडलाइटचा स्क्रू आवळला. येऊ दे परत, तिच्या मनात आलं. सगळ्यांसमोर येऊ दे.

दुपारी जेवताना तिला ते सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. प्रभुलिंगचा वैतागलेला चेहरा, गुरुबसप्पांची वळलेली मान. ऋतुजा लवकर उठून "जरा जाऊन येते" म्हणत गेली होती, म्हणून ते चित्र रंगवायला आणखी मोकळीक होती. पण त्या चित्रात मध्येच प्रभुलिंगचं बोलणं घुसलं. गाडी जराशी पुढंच जाते. चाकाची खबर अचानक थांबली की एबीएसच्या यंत्रणेला वाटतं ते जाम झालंय, आणि ती स्वतःच ब्रेक सोडते. वळणावर, आत माणसं बसलेली असताना.

तिनं प्रभुलिंगला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. डबा तसाच टाकून तिनं स्कूटी काढली.

अक्कलकोट नाक्याजवळ व्हॅन नेहमीच्या जागी उभी होती. प्रभुलिंग आत बसून दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता आणि पुढच्या चाकाशी ऋतुजा उन्हात गुडघे टेकून बसली होती. हातातला मीटर बीप करत होता. स्टिअरिंग टोकाला गेलं आणि बीप थांबला, म्हणजे तार तिथंच आतून तुटत होती.

प्रियंका तिथंच उभी राहिली. सांगायला धावत आली ती गोष्ट आता सांगायला उरलीच नव्हती.

"ताई, बरं झालं आलात!" ऋतुजा म्हणाली. "काढलेला सेन्सर मी टेबलावर तपासला. चांगला निघाला की! मग चुकलं कुटं? यांना फोन करून म्हटलं, गाडी हलवू नका."

"दिवा तर लागलाच होता परत," प्रभुलिंग म्हणाला. "सर लोकांना आणून उद्या येणार होतो."

दोघींनी तार सोडवली. खराब तुकडा कापला, रबराच्या आत तांब्याचे धागे तुटून काळे पडले होते. नवी तार घातली. वळणाला पुरेल इतकी ढील प्रियंकानं मोजून ठेवली आणि नवी क्लिप बसवली. या कामात तिचा हात जास्त बसलेला होता. ऋतुजा नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "पण तुमी हितं कशा?"

"सकाळी गेटाशी तार ताणलेली दिसली होती."

"मग बोलला का न्हाईत?"

प्रियंकानं पक्कड पुसली. ऋतुजा तिच्याकडं बघत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला कळलं होतं.

प्रभुलिंगनं तिथंच मोकळ्या जागेत गाडी डावी-उजवी वळवली, ब्रेक दाबून पाहिले. दिवा नाही, गुरगुर नाही. तो अक्कलकोटच्या रस्त्याला लागला.

गॅरेजात गुरुबसप्पांना त्याचा फोन आधीच आला होता. "चूक आपणहून शोधायला गेली की ही पोरगी!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"तार ताईंनी बघितली होती, मालक," ऋतुजा म्हणाली. "जोडलीपण त्यांनीच." बाकीचं तिनं गिळलं.

तिचा हा मोठेपणा प्रियंकाला सगळ्यात जास्त झोंबला. यातसुद्धा हीच वरचढ! ते सहन होईना म्हणून ती बोलून गेली, "सकाळीच बघितली होती. मुद्दाम गप्प बसले. हिची फजिती व्हावी म्हणून."

हातोड्यांचे आवाज थांबले.

"गाडीत माणसं बसतात, प्रियंका," गुरुबसप्पा म्हणाले आणि उठून आत गेले.

तिला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. ऋतुजा स्कॅनर पेटीत ठेवत होती, आणि तिच्या त्या शांत हातांचा प्रियंकाला आताही हेवा वाटला.

"उद्यापास्नं गाडी भाईर जाताना तुमी चाकं बघा," ऋतुजा तिच्याकडं न बघता म्हणाली. "मी पडदा बघते. पन दिसलं की बोलायचं."

"बोलेन," प्रियंका म्हणाली, आणि अर्धवट राहिलेल्या जीपकडं वळली.