चौंडक्याला झील मिळाली

मित्रांनो, काखेत धरून वाजवायचं वाद्य कधी पाहिलंय का? ते मी, एक जुनं चौंडकं. जळकोटच्या बब्रुवान सुतारानं आंब्याचं खोड पोखरून मला घडवलं. एका तोंडाला बकऱ्याचं कातडं, त्यातून ओवलेली एक तात, म्हणजे आतड्याची तार. तात ताणली की माझा सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. दिसायला मी डबाच, पण गर्व मात्र ढोलाएवढा!

हरणाबाईनं मला चाळीस वर्षं वाजवलं. देवीच्या गाण्याची एक ओळ ती म्हणे आणि तिच्या मागं बसणारी जोडीदारीण लक्ष्मीबाई झील धरे, म्हणजे तीच ओळ मागून म्हणे. झील संपल्याशिवाय हरणाबाई पुढची ओळ काढत नसे. "मागच्या बाईची झील तोडायची न्हाय," असा तिचा नेमच होता. लोक वाहवा करत आणि मी उगीच फुगत असे.

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीबाई वारली. हरणाबाईनं मला खुंटीला टांगलं ते टांगलंच. माझं कातडं ढिलं पडलं, पोटात कोळ्यानं घर केलं. आलेगेले माझा फोटो काढत, "काय कला आहे!" म्हणत. खाली मात्र एकानंही काढलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग सुट्टीत हरणाबाईची नात ज्ञानेश्वरी आली. ती पुण्यात ध्वनीचं शिक्षण घेते. तिनं मला उन्हात तापवलं, पोटावर बोटाएवढा माईक चिकटवला. माझा सूर लॅपटॉपात साठवून, ताणून, उलटा करून ती परत ऐकवायची. मला तर धडकीच भरली!

"आज्जी, धाराशिवला कार्यक्रम करू. तुमी म्हणा, मशीन झील धरंल."

"येकडाव बघते," हरणाबाई म्हणाली. "न्हाय जमलं तर चौंडकं देवीच्या पायरीवर ठिवून येते."

सभागृह भरलं होतं. हरणाबाईनं ओळ म्हटली, मी वाजलं, यंत्रानं तीच ओळ माझ्या सुरात परत म्हटली. मग पुन्हा. मग पुन्हा. झील संपेना, म्हणून हरणाबाई तोंड उघडेना. 'पुढं म्हणा' असं खुणावून ज्ञानेश्वरी दमली. 'म्हातारी विसरली वाटतं,' अशी कुजबुज सुरू झाली. हरणाबाईच्या हातातली तात सैल पडली आणि मला ती देवळाची पायरी दिसू लागली.

"लक्ष्मी अशी न्हवती गं," ती हळूच म्हणाली. "ती थांबायची."

ज्ञानेश्वरीनं यंत्र बंद केलं. सूर फिरत ठेवण्यातच तिला नवेपण वाटलं होतं. ती लॅपटॉप उचलून आजीच्या मागं, लक्ष्मीबाई बसायची तिथं, मांडी घालून बसली.

"चुकलं माझं, आज्जी. म्हणा. आता म्या थांबते."

हरणाबाईनं तात ताणली, ओळ म्हटली. मागून माझाच सूर आला, लांबलेला, अनोळखी. एकदाच आला आणि थांबला. हरणाबाईनं मान वळवून नातीकडं पाहिलं. डोळे पुसले आणि पुढची ओळ काढली.

मित्रांनो, जुन्या वाद्याला ऊन दाखवा, जाळी झाडा. पण आधी त्याला खुंटीवरून खाली काढा. त्याची ओळ मागून म्हणा, हवी तर यंत्रातून म्हणा. आणि म्हणून झाली की जरा थांबा. त्याला अजून पुढची ओळ येते.