चावऱ्या स्टार्टरची शेवटची शिकार

मी स्टार्टर बोलतोय. नेरच्या बाहेर सोयाबीन तेलाचा जो कारखाना आहे, तिथला वीस घोड्यांचा पंप मी एका बोटानं उठवायचो. बोट अर्थात पुंडलिकरावांचं असायचं. आणि सध्या मी भिंतीवर नाही, खाली पोत्यावर उताणा पडलो आहे. पण आधी रुबाब ऐकून घ्या, मग हसा.

माझं शिक्षण दोन बटनांपुरतं, हिरवं आणि लाल. लाल मला कधी नीट आलंच नाही. जन्म कुठल्याशा शेडमधला. पत्रा कापला, ठोकला, करडा रंग मारला, पोटात तांब्याची वेटोळी आणि एक खटका बसवला. मोटरीवर जास्त भार आला की खटक्यानं मला बंद पाडायचं, असा नियम. पंप सारखा थांबतो म्हणून पुंडलिकरावांनी, म्हणजे आमच्या पंप ऑपरेटरनं, तो खटका सुतळीनं बांधून टाकला. डॉक्टरचं तोंड बांधावं आणि म्हणावं, आता मी ठणठणीत आहे, असली अक्कल.

मला अर्थिंगची तारही होती. ती कोणी तरी सोडून नेली. आता तिच्यावर चौकीदाराची बनियनं वाळतात. तेव्हापासून माझ्या पत्र्यात करंट उतरायला लागला आणि मला जगण्यातली मजा सापडली. मी चावायचो. ओल्या हाताला जास्त. पुंडलिकराव शहाणे, ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काडीनं बटन दाबत. नवा माणूस आला की मात्र प्रेमानं म्हणत, "भाऊ, जरा थे हिरवं बटन दाबून दे न." भाऊ नाचायचा, पुंडलिकराव पोट धरून हसायचे, मीही. शॉक दुसऱ्याला लागला की माणसांना तो विनोद वाटतो.

यंदा विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला. मी दोनावरच पंप ओढत राहिलो आणि मोटर जळाली. मालकानं मोटरीत नवी वेटोळी भरून आणली आणि माझ्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मागवला. गुळगुळीत, अंगावर आकडे चमकवणारा. तिन्ही फेज नसले तर उठत नाही, टाकीत पाणी नसलं तर उठत नाही. जावईच जणू.

तो बसवायला आली निशिगंधा, वायरमन. तोंडाची तिखट. आल्या आल्या तिनं मेन स्विचमधल्या तिन्ही फ्यूजच्या ग्रिप, म्हणजे वीज जोडणारे ठोकळे, उपटून खिशात घातल्या, 'काम सुरू आहे' अशी पाटी लटकवली आणि दोन बल्बांचा टेस्ट लॅम्प माझ्या नाकाला लावला. पेटला नाही. मग मोटरकडच्या तारा माझ्यातून सोडवून ती चहाला गेली. हिला चावल्याशिवाय भिंत सोडायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण दातच नाहीत तर चावू कशानं?

दात मॅनेजरनं दिले. चारुदत्तसाहेब घाम पुसत आले. "मशीन तापून राह्यली, पुंडलिकराव. बाई येईपर्यंत जुन्यावरच पाणी सोडा."

पुंडलिकरावांनी दुसऱ्या बोर्डातून तीन ग्रिप आणून मेनमध्ये ठोकल्या आणि काडीनं मला दाबलं. मी खट् केलं. पंप हलेना, त्याच्या तारा तर सुटलेल्या. "हा त मेला न साहेब," म्हणत दोघं निघून गेले. ग्रिप तशाच राहिल्या. पाटीही तशीच. माझ्याहून लबाड काही असेल तर ती पाटी.

निशिगंधा परतली. तिच्या ग्रिप खिशात खुळखुळत होत्या, म्हणजे तिच्या लेखी मी थंडगार. उघड्या स्क्रूंवर चारशे व्होल्ट घेऊन मी दम धरून बसलो. इतकी भूक मला कधी लागली नव्हती. तिनं पेचकस उचलला. ठेवला. पुन्हा लॅम्प घेऊन माझ्या नाकाला लावला.

दोन्ही बल्ब लख्ख पेटले.

तिनं मेनमधल्या ग्रिप काढून त्याही खिशात टाकल्या आणि मेनला कुलूप घातलं. "पुंडलिककाका, इकडे या."

"काय झालं, पोरी?"

"काही नाही. माह्या मायले काय सांगनार होते, थे तेवढं ऐकवून द्या."

काका खिशात तंबाखू शोधत राहिले. मागोमाग आलेल्या साहेबांना अचानक फोन आला, ते बाहेर पळाले.

मग मला उपटलं. कंट्रोलर पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर, उंचावर बसला. त्याला अर्थिंगच्या दोन नव्या तारा. एकेक स्क्रू आवळून तिनं एकेक तार ओढून पाहिली. केबलची भोकं बुजवली, म्हणजे पालीचीही सोय नाही. मोटर किती अँपिअरची, तो आकडा त्याला शिकवला. एक फेज मुद्दाम काढून पाहिला, तर तो भित्रा उठेचना. तिन्ही दिले तेव्हा पाणी धो धो आलं.

मी आता भंगारात जाणार. भंगारवाल्याला एवढीच विनंती, मला तोडण्याआधी ती सुतळी सोड. एकदा तरी नियमानं बंद पडून पाहीन म्हणतो.

साहेब परत आले. पाणी बघून खूश व्हायचं, तर तोंड फुगवलेलं. "केवढा वेळ घातला, मॅडम. एकदा बल्ब लावून पाहिला होता न? परत कायले लावायचा? आमच्या माणसांवर भरवसा नाही का तुमचा?"

निशिगंधानं पिशवीची चेन ओढली.

"भरवसा आहे न, साहेब. म्हनूनच त दोनदा लावला."